अंगठ्याचं नख परत परत रुततंय, मुळावरचं ऑपरेशन कुणी केलंय का?

पेठकर
नमस्कार मंडळी. आमच्या धाकट्या भावाचं, वय १९, उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख बाहेरच्या बाजूनं मांसात रुततंय. पेठेतल्या टीमकडनं फुटबॉल खेळतो, बूट घट्टच लागतो म्हणतोय, बॉलचा टच कळत नाही नाहीतर. गेल्या वर्षी एका दवाखान्यात सगळं नखच ओढून काढलं, जखम छान भरली, सगळे खुश, आणि नवीन नख जसं पुढं आलं तसं परत त्याच कोपऱ्यात घुसलं. आता बाजूला लाल मांस आलंय, मोजा काढला की रक्ताचा डाग, रात्री चादर लागली तरी कळवळतोय. ॲन्टिबायोटिक घेतलं की चार दिवस बरं आणि मग परत तेच.

आता एक डॉक्टर म्हणाले परत नख काढू. दुसरे म्हणाले सगळं नख काढायचं नाही, रुतणारी कड तेवढी काढायची आणि मुळाला केमिकल लावायचं म्हणजे तेवढ्या जागेत नख उगवतच नाही. घरात आई घाबरलीय, केमिकल म्हटलं की झालं. कुणी हे केलंय का, दुखतं का, मैदानावर कधी उतरता येतं, जरा सविस्तर सांगा.

फौंड्रीवाला
भावा शिरोली एमआयडीसीत ये, निम्म्या शॉपला हाच त्रास हाय. सेफ्टी शूज, पुढं स्टीलची टोपी, दिवसभर घाम, आणि घरी गेल्यावर नख पार कोपऱ्यातनं गोल कापायचं. मला नख काढूनच बरं वाटलं, परत आलं नाही. पण माझं पहिल्यांदाच होतं.

शिरोळचे_अण्णा
लिंबाला भोक पाडून त्यात मीठ हळद भरून अंगठा घालून बसा रात्रभर. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच करत्यात. नाहीतर बिब्बा गरम करून टेकवायचा.

सांगलीकर_सर्जन
अण्णा, लिंबाचं एक वेळ चालेल, उघड्या जखमेवर झोंबेल एवढंच, पण बिब्बा कृपा करून कुणी लावू नका. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते, फोड येतात. आधीच सुजलेल्या अंगठ्यावर बिब्बा लावून आलेले पेशंट मी बघितलेत, मग नखाचं राहतं बाजूला आणि भाजलेल्या जखमेचं ड्रेसिंग करत बसावं लागतं. मधुमेह असेल तर तर विचारूच नका.

पेठकर, तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचं बरोबर आहे. जरा नीट सांगतो, कारण ह्या एका गोष्टीवरच सगळं अवलंबून आहे.

नख जे आपल्याला दिसतं ते मेलेलं असतं. ते तयार होतं मागं, कातडीच्या घडीखाली, त्याला मॅट्रिक्स म्हणतात, म्हणजे नखाचं मूळ. नुसतं नख ओढून काढलं तर मूळ तिथंच राहतं आणि त्याच रुंदीचं, त्याच वळणाचं नख परत तयार करतं. शिवाय मधले काही महिने वर नख नसल्यामुळं बोटाचं टोकाचं मांस वर उचललं जातं आणि येणारं नवीन नख त्या मांसावरच आपटतं. अंगठ्याचं पूर्ण नख यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं, म्हणून पहिले काही महिने वाटतं की बरं झालं. वेगवेगळ्या अभ्यासांत नुसतं नख काढल्यावर निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त लोकांना परत त्रास झालेला दिसतो. कड काढून मुळाला फिनॉल, म्हणजे तुम्ही म्हणता ते केमिकल, लावलं तर हेच प्रमाण शंभरात पाचाच्या आसपास येतं. २०१२ साली कॉक्रेन ह्या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आला होता, २४ अभ्यास एकत्र करून, त्यातही फिनॉल जोडलं की परत येण्याचं प्रमाण कमी होतं असंच निघालं.

म्हणजे एकदा नख काढून परत आलंय, तर दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा तेच करण्यात पोराला फक्त वेदना. नख काढायचं का हा प्रश्नच नाही, मुळाचं काय करणार हा प्रश्न डॉक्टरांना विचारा.

शिरोळचे_अण्णा
डॉक्टर हे पटलं. ऊस तोडला आणि बुडखा तसाच ठेवला की खोडवा येणारच की. बिब्ब्याचं ऐकलं, आता सांगणार नाही कुणाला.

चाफा_राजारामपुरी
पेठकर दादा, मी केलंय हे ऑपरेशन, डाव्या अंगठ्याचं, दोन्ही बाजूंचं. मी शाळेत शिकवते, दिवसभर उभं राहायचं काम, आणि माझ्या आईलाही हाच त्रास होता, आमच्याकडं नखच असं कमानीसारखं वळलेलं आहे. त्यामुळं कितीही सरळ कापलं तरी रुतायचं. आईंना सांगा घाबरू नका, मी अगदी क्रमानं सांगते.

सगळ्यात जास्त दुखतं ते भुलीचं इंजेक्शन. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना देतात, औषध आत जाताना भरून आल्यासारखा दाब येतो, जळजळतं, मी पदर तोंडात धरला होता. पण ते अर्धा-एक मिनिट. मग पाच-दहा मिनिटं थांबतात, टोचून बघतात, बधिर झाल्याशिवाय हात लावत नाहीत. मला नुसतं ओढल्यासारखं कळत होतं, दुखणं शून्य. बोटाच्या बुडाला रबर घट्ट बांधतात रक्त थांबवायला. मग नखाची कडेची पट्टी, साधारण तीन-चार मिलिमीटर, पुढून मागं पार मुळापर्यंत उभी कापतात आणि चिमट्यात धरून गोल फिरवून बाहेर काढतात. माझी जी पट्टी निघाली तिचं मागचं टोक कातडीखाली एवढं आत होतं की मला दाखवल्यावर खरं वाटेना. मग कापसाच्या बारीक काडीनं ते औषध मुळात घासून लावतात, परत सुकं करतात, परत लावतात. टाका एकही नाही. रबर सोडलं, जाड ड्रेसिंग केलं, आणि मी माझ्या पायानं रिक्षापर्यंत गेले. अ‍ॅडमिट वगैरे काही नाही.

रात्री भूल उतरल्यावर ठणका लागेल म्हणून पॅरासिटामॉल घेऊन ठेवली होती, पण खरंच सांगते, ऑपरेशनच्या आधीचं दुखणं जास्त होतं.

सांगलीकर_सर्जन
चाफाताई, छान लिहिलंत. ठणका कमी लागतो त्याला कारण आहे, फिनॉलमुळं तिथल्या बारीक नसांची टोकंही बधिर होतात. आणि रबर बांधण्यामागं अजून एक कारण, रक्त आलं की फिनॉल पातळ होतं आणि मूळ अर्धवट जळतं. परत येणाऱ्या केसेसमध्ये हे बरेचदा असतं, कोपऱ्यात ओलसर राहिलं. म्हणून जागा कोरडी करून करून लावायचं. साधारण ८०-८८ टक्क्यांचं द्रावण, आजूबाजूच्या कातडीला व्हॅसलिन लावून वाचवायची, शेवटी स्पिरिट किंवा सलाइननं धुवायचं.

पेठकर, आईंना सांगा हे काही नवीन खूळ नाही. फिनॉल म्हणजेच कार्बोलिक ॲसिड, १८६५ साली लिस्टर ह्या ब्रिटिश सर्जननं जखमा सडू नयेत म्हणून जे वापरलं तेच. नखाच्या मुळासाठी ते १९४५ पासून वापरात आहे. पण ते दवाखान्यातच. घरी फरशीचं फिनेल नाहीतर कसलं ॲसिड लावायचे प्रयोग कुणी करू नका.

गडी_तालमीतला
मी लाल मातीत सराव करतो. माझ्या वस्तादांनी नखाला मध्ये व्ही आकाराचा काप मारायला सांगितला, म्हणजे नख मधे ओढलं जातंय आणि कड सुटते. केलं पण काय फरक नाही. आणि मातीत जखम घेऊन उतरायचं का नाही?

सांगलीकर_सर्जन
व्ही काप मारून काही होत नाही. नख मागून पुढं सरकतं, मधली खाच भरायला कडा आत ओढल्या जात नाहीत. उगाच नख कमजोर होतं. मातीत उघडी जखम घेऊन अजिबात उतरू नका, पू असताना तर नाहीच. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय तेही बघा, आठवत नसेल तर डॉक्टरांना सांगा.

आणि सगळ्यांनाच ऑपरेशन लागतं असं नाही बरं का. नुसती लाली, थोडं दुखणं, पू नाही, मांस वाढलेलं नाही अशी सुरुवात असेल तर रोज कोमट मीठपाण्यात १५-२० मिनिटं पाय, कडेखाली कापसाची बारीक वात किंवा दातांचा फ्लॉस सरकवून नखाची कड उचलून ठेवायची, बाजूचं मांस चिकटपट्टीनं नखापासून लांब ओढून ठेवायचं, आणि पुढं मोकळे बूट. काही आठवडे नेटानं केलं तर बरेच जण ह्यातनंच सुटतात. आता पेठकरांच्या भावासारखं लाल मांस आलं, रक्त येतंय, आणि एकदा नख काढूनही परत आलंय, तिथं ह्यात महिने घालवू नयेत. आणि अ‍ॅन्टिबायोटिकचं म्हणाल तर काटा, म्हणजे रुतलेली कड, आत आहे तोवर गोळ्यांनी तात्पुरतंच बरं वाटणार. काटा काढला की बहुतेक वेळा इन्फेक्शन गोळीशिवायच बसतं. लालसरपणा पायावर पसरत असेल, ताप असेल, शुगर असेल तर गोष्ट वेगळी.

फौंड्रीवाला
लेझरनं पण करत्यात म्हणे. लेझर चांगलं असंल ना, महाग हाय म्हणजे.

सांगलीकर_सर्जन
महाग म्हणजे चांगलं असं इथं तरी नाही. लेझर, रेडिओफ्रिक्वेन्सी, फिनॉल, सोडियम हायड्रॉक्साइड, सगळ्यांचा हेतू एकच, कडेचं मूळ मारणं. ज्या डॉक्टरांचा ज्यात हात बसलाय त्यात ते करू द्या. जुनी पद्धत चाकूनं कड, मूळ आणि बाजूचं मांस पाचरीसारखं काढून टाके घालायची, १९२९ पासूनची, तीही कुठं कुठं अजून करतात आणि काही बोटांना तीच बरी पडते. दुखतं जरा जास्त. अजून एक पद्धत आहे ज्यात नखाला हातच लावत नाहीत, बाजूचं फुगलेलं मांसच भरपूर काढतात, जखम मोठी दिसते, भरायला वेळ लागतो, पण नखाची रुंदी पूर्ण राहते. आणि पूर्ण नखाचं मूळ कायमचं मारणं हा अगदी शेवटचा उपाय, नखच फार जाड वेडंवाकडं झालं असेल तर. १९ वर्षांच्या पोराला ते कुणी सुचवलं तर कारण विचारा.

मुदाळतिट्टा
माझी पोलीस भरतीची तयारी चालू आहे, १६०० मीटर रनिंग. ग्राउंड जवळ आलंय आणि अंगठा सुजलाय. आत्ता केलं तर कधी पळता येईल?

चाफा_राजारामपुरी
मी पळत नाही पण भरायला किती लागतं ते सांगते. पहिले दोन दिवस पाय उंच ठेवून आराम, मग चालणं-फिरणं नॉर्मल, मी आठवड्याच्या आत शाळेत गेले, पुढून उघड्या सँडलमध्ये. पण कडेनं पिवळसर पाण्यासारखं गळत राहतं, दोन-चार आठवडे. ते बघून मी घाबरून डॉक्टरांकडं गेले होते, पू झाला म्हणून, तर ते म्हणाले ही केमिकलनं भाजलेली जखम आहे, ती ओलीच राहून भरते. आणि कोल्हापुरी चप्पल मात्र घालू नका ह्या दिवसांत! तिचा अंगठा बरोबर त्याच बोटाला आवळतो, नवीन कातडं असेल तर विचारायलाच नको. पावसाळा असेल तर भिजलेली चप्पल अजून वाईट. मऊ सँडल, पट्टा बोटाला न लागणारा.

सांगलीकर_सर्जन
बरोबर. मुदाळतिट्टा, जोरात पळायचं, किक मारायची तर गळणं थांबून दाबल्यावर दुखत नाही तोवर थांबा, धरून चाला तीन-चार आठवडे, कधी सहा. ग्राउंडची तारीख त्याच्या आत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, रुतलेला तुकडा तेवढा काढून तात्पुरता आराम देता येतो आणि मुळाचं काम भरतीनंतर. पळायच्या बुटात सगळ्यात लांब बोटापुढं बोटभर जागा पाहिजे.

गळणं आणि इन्फेक्शन ह्यातला फरक लक्षात ठेवा. गळणं पातळ असतं आणि दुखणं रोज कमी कमी होत जातं. उलट बरं वाटता वाटता दुखणं वाढायला लागलं, लाली अंगठ्याच्या वर चढायला लागली, वास, ताप, तर त्याच दिवशी दाखवा.

ताराराणी_चौक
डॉक्टर, एक विचारायचं होतं. माझ्या पुतणीला पिंपल्ससाठी गोळ्या चालू आहेत आणि तेव्हापासून दोन्ही पायांच्या नखांच्या बाजूला लाल मांस आलंय. आधी कधीच नव्हतं.

सांगलीकर_सर्जन
गोळीचं नाव बघा. आयसोट्रेटिनॉइन असेल तर त्यानं असं होऊ शकतं. गोळी देणाऱ्या स्किनच्या डॉक्टरांनाच आधी दाखवा, डोस बदलून किंवा मलमानं भागू शकतं. लगेच ऑपरेशनला जाऊ नका, आणि गोळी परस्पर बंदही करू नका.

कळंबा_रोड
माझ्या आईला १५ वर्षं डायबेटिस आहे, वय ६८. अंगठ्याचं नख रुतलंय पण तिला फार दुखत नाही म्हणते, म्हणून आम्हीही घाई केली नाही. पार्लरवाली येऊन कडा कापून जाते. वाचून आता काळजी वाटायला लागली.

सांगलीकर_सर्जन
ताई, दुखत नाही हीच काळजीची गोष्ट आहे. बऱ्याच वर्षांच्या शुगरनं पायाच्या नसा बधिर होतात, आत पू झाला तरी कळत नाही. पार्लरमध्ये कडा खणणं आजपासून बंद. दाखवायला गेलात की तीन गोष्टी बघून घ्या. पायाच्या वरच्या बाजूला आणि घोट्यामागं नाडी लागते का, लागत नसेल तर डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाची तपासणी. शुगर आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर. आणि जखम जुनी असेल तर एक्सरे, हाडापर्यंत गेलंय का बघायला. रक्तपुरवठा चांगला आणि शुगर आटोक्यात असेल तर डायबेटिसमध्येही हे ऑपरेशन होतं, पण रक्तपुरवठा कमी असताना कुणी बोटाला रबर बांधून केमिकल लावलं तर जखम भरणारच नाही, बोट जाऊ शकतं. त्यामुळं आधी तपासण्या, मग हात लावायचा. रक्त पातळ करायची गोळी असेल तर सांगा, स्वतः बंद करू नका. आधी रक्तपुरवठा बघायचा हे बिडी-सिगरेट ओढणाऱ्या सगळ्यांनाच लागू आहे.

सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या, सर्जरी ओपीडीत केसपेपर काढून दाखवता येईल, खासगीत जायचं तर डायबेटिक फुटचं काम करणारे सर्जन बघा. लांबवू नका.

अजून एक, सगळ्यांसाठीच. लाल मांस म्हणून महिनोन्महिने ड्रेसिंग चाललंय आणि ते बरंच होत नाही, किंवा नखाखालनं काळं काही पसरतंय, तर तो तुकडा काढून तपासायला पाठवा. क्वचित तिथं कॅन्सर असतो आणि तो नखुरडं म्हणून राहून जातो. तसंच नख खालून वर उचललं जात असेल तर एक्सरे काढा, कधी कधी खाली हाडाचा उंचवटा वाढलेला असतो, मग नखावर काहीही केलं तरी उपयोग नाही.

पेठकर
मंडळी, धाकट्याचं झालं ऑपरेशन. डॉक्टरांना सरळ विचारलं मुळाचं काय करणार, तर त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, एका बाजूचीच कड काढली. इंजेक्शनला पोरगं कळवळलं, चाफाताईंनी लिहिलं होतं तसंच, पण नंतर मोबाइल बघत पडलं होतं. ड्रेसिंग दुसऱ्या दिवशी मीठपाण्यात भिजवून सोडवलं म्हणून चिकटलं नाही, आता रोज धुऊन तेलकट जाळीचं गॉज. गळतंय थोडं पण दुखणं उतरतंय. आईनं स्वतः बघितलं आणि आता तीच शेजारीपाजारी सांगत सुटलीय.

दोन शंका आहेत. नख आता कायमचं अरुंद दिसणार का? आणि समजा परत आलंच तर?

सांगलीकर_सर्जन
अरुंद राहणार, तीन-चार मिलिमीटरनं, जखम भरल्यावर शेजारच्याला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. परत आलं तर बरेचदा पूर्ण कड येत नाही, मुळाचा एखादा ठिपका राहिलेला असतो आणि तिथनं सुईसारखं बारीक नख उगवतं. त्यासाठी सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही, तेवढंच काढून परत औषध लावतात. काही महिन्यांनी कडेला टोचायला लागलं तर घरी नेलकटर घालून खणू नका, दाखवा.

दुसरी कड आणि दुसरा पाय मात्र सांभाळा. आंघोळीनंतर नख मऊ असताना सरळ आडवं कापायचं, पांढरी कड थोडी ठेवायची, कोपरा मांसाच्या पुढं मोकळा दिसला पाहिजे.

गडी_तालमीतला
मग त्या घट्ट बुटांचं काय करायचं? फुटबॉलवाले ऐकत नाहीत.

चाफा_राजारामपुरी
बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरानं पाय थोडा सुजलेला असतो, आणि खेळताना जो मोजा घालतो तोच घालून बघायचा. माझ्या मुलाला मी तसंच घेते. लांबीपेक्षा पुढची रुंदी बघायची, बोटं बाजूनं दाबली जातात का ते उभं राहून, वाकून, टाचा उचलून बघायचं. आणि मोजे रोज धुतलेले, ओले घालायचे नाहीत, मॅच संपली की बूट काढून पाय कोरडे करायचे, बूट पिशवीत कोंबून ठेवायचे नाहीत.

पेठकर
उद्याच जुने बूट काढून बघतो, माझ्या मते एक नंबर लहानच आहेत. दुसऱ्या पायाला कापसाची वात आत्तापासूनच लावावी का, तिथं जरा लालसर दिसतंय.

सांगलीकर_सर्जन
लावा. वात रोज बदला, मीठपाणी चालू ठेवा, आणि दोन-तीन आठवड्यांत लाली उतरली नाही तर पुढच्या ड्रेसिंगला गेल्यावर तोही पाय दाखवा.